जुलाब लागतात आणि रक्तात औषध वाढतं

मूत्रपिंड प्रत्यारोपणात सर्जन सहसा आतड्यांना हात लावत नाहीत. नवी किडनी ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला, आतडी झाकणाऱ्या पडद्याच्या बाहेर बसवतात. जुन्या किडन्या बहुतेकदा जागच्या जागीच राहतात. तरीही पुढे अनेक रुग्णांना त्रास देतं ते पोट.

कारण बरेचदा गोळ्यांत असतं. शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबावी लागते. मायकोफेनोलेट हे औषध लिम्फोसाइट पेशींना डीएनएसाठी लागणारी प्युरीन नव्याने बनवू देत नाही, त्यामुळे त्या वाढत नाहीत. आतड्याचं अस्तरही सतत नवं होत असतं आणि काही अंशी त्याच प्युरीनवर जगतं. त्याला झळ बसते आणि जुलाब लागतात.

खरा पेच टॅक्रोलिमसचा. प्रतिकारशक्ती दाबणारं हे दुसरं औषध १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूत सापडलं. निरोगी आतडं त्यातलं बरंचसं रक्तात जाऊच देत नाही. अस्तरातलं सीवायपी३ए४ हे विकर ते मोडतं आणि पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप ते परत आतड्यात ढकलतो. जुलाबांनी अस्तर दुखावलं की हा पहारा ढिला पडतो. जुलाबांवाटे औषध निघून जात असेल असं कुणालाही वाटेल, पण रक्तातली त्याची पातळी वाढू शकते, आणि वाढलेलं टॅक्रोलिमस किडनीलाच इजा करतं. त्यात शरीरातलं पाणीही कमी झालेलं असतं. म्हणून अशा वेळी घरच्या घरी उपाय करत दिवस काढू नयेत, आणि मनानेच गोळ्या बंद तर मुळीच करू नयेत. डॉक्टरांना कळवावं, टॅक्रोलिमसची लेव्हल तपासावी. गणपतीच्या दिवसांत बाजारात दिसणारं पपनसही टॅक्रोलिमस मोडणाऱ्या याच विकराला अडवू शकतं, हे फार थोड्या घरांत माहीत असतं.

जुलाब दर वेळी औषधाचेच असतील असंही नाही. शरीरात वर्षानुवर्षं गप्प बसलेला सायटोमेगॅलो विषाणू दाबलेल्या प्रतिकारशक्तीचा फायदा घेऊन आतड्यात जखमा करू शकतो. क्वचित आतड्याला छिद्रही पडतं. एरवी असा माणूस वेदनेने तळमळतो, ताप चढतो, पोट लाकडासारखं कडक होतं. प्रत्यारोपणानंतर स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णात ही लक्षणं झाकली जातात. म्हणून प्रत्यारोपण झालेल्या माणसाची पोटदुखी सौम्य वाटली तरी जाणते डॉक्टर सीटी स्कॅन करायला वेळ लावत नाहीत.