मानसिक आरोग्याच्या सेवा आणि तरुणांचा शब्द

मानसिक आजारांची सुरुवात बहुधा तरुण वयातच होते. १९२ अभ्यासांतील आकडेवारी एकत्र करून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, असा आजार होणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना तो चौदाव्या वर्षाआधी, जवळपास निम्म्यांना अठराव्या वर्षाआधी आणि ६२ टक्क्यांहून अधिक जणांना पंचविशीच्या आत होतो. तरीही मानसिक आरोग्याच्या सेवा आखल्या गेल्या त्या लहान मुलांसाठी, नाहीतर थेट मोठ्या माणसांसाठी. अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलांच्या विभागातले उपचार संपतात आणि मोठ्यांच्या ओपीडीत नव्याने सगळे सांगावे लागते. अनेक जण नेमके या टप्प्यावर उपचार सोडतात.

सरकारी रुग्णालयात पहिल्यांदा येणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला काय करावे लागते? ओपीडी सकाळची, म्हणजे कॉलेज बुडवणे आले. मग केस पेपरच्या रांगेत उभे राहून खिडकीपाशी, मागच्या दहा जणांच्या देखत, कशासाठी आलो ते सांगायचे. त्यानंतर ‘मनोविकृती विभाग’ अशी पाटी असलेल्या दारासमोर बाकावर बसून राहायचे. तेवढ्यात ओळखीचे कोणी समोरून गेले तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर बातमी. यातले काहीही वैद्यकशास्त्राने ठरवलेले नाही. वेळ, पाटी, बाक आणि खिडकी प्रशासनाने ठरवली, आणि ती ठरवताना त्या वयाच्या कोणाला विचारले नाही. सेवा घडवण्यात तरुणांचा सहभाग हवा, या मागणीचा उगम इतका साधा आहे.

असा सहभाग मोठ्या प्रमाणावर अमलात आला ऑस्ट्रेलियात. मेलबर्नचे मनोविकारतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगोरी आणि त्यांचे सहकारी तरुणांसाठी वेगळ्या सेवेचा आग्रह बरीच वर्षे धरून होते. २००६ साली तिथल्या केंद्र सरकारच्या पैशातून ‘हेडस्पेस’ ही संस्था उभी राहिली. बारा ते पंचवीस हा तिचा वयोगट. अठराव्या वर्षाची भिंत तिने मुद्दामच काढून टाकली. आज तिची दीडशेहून अधिक केंद्रे आहेत. मानसिक त्रास, व्यसन, साधे शारीरिक दुखणे, शिक्षण आणि नोकरीची चिंता या सगळ्यांसाठी एकच दार असल्यामुळे आत शिरणारा नेमका कशासाठी आला, हे बाहेरच्याला कळत नाही. प्रत्येक केंद्राला स्थानिक तरुणांचा सल्लागार गट जोडलेला असतो, शिवाय देशपातळीवर वेगळा गट आहे. या मॉडेलवर टीकाही होते. सौम्य त्रासासाठी ते उपयोगी, पण गंभीर आजारात अपुरे पडते, हा तिथला जुना आक्षेप आहे आणि त्यात तथ्य आहे. तरुणांना आवडणारे दार उघडले म्हणून आत पुरेसे तज्ज्ञ मिळतातच असे नाही.

सल्लागार गट नेमला की सहभाग झाला, असेही नाही. रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत मुलांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या. त्यांतल्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मुलांना वापरून घेणे, शोभेपुरते उभे करणे आणि नावापुरते बोलावणे. जागतिक मानसिक आरोग्य दिनी, १० ऑक्टोबरला, व्यासपीठावर बसवून हाती फलक दिलेली मुले यांपैकी कोणत्या पायरीवर असतात, हे सांगायला नको. सहभागाची खरी खूण एकच: तरुणांनी सांगितल्यामुळे काहीतरी बदलले का? पैसा, माणसे किंवा वेळापत्रक यांपैकी कशालाच हात लागला नसेल, तर ती फक्त बैठक होती.

या कसोटीवर पाहण्यासारखे एक भारतीय काम गोव्यात मूळ असलेल्या ‘संगाथ’ संस्थेचे आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ती १९९६ साली स्थापन केली. शाळकरी मुलांसाठीच्या ‘प्राइड’ प्रकल्पात संस्थेने उपचार ठरवण्याआधी गोवा आणि दिल्लीतल्या विद्यार्थ्यांशी, पालकांशी आणि शिक्षकांशी बोलून घेतले. मुलांच्या बोलण्यात आजारांची नावे क्वचितच होती. ‘टेन्शन’ होते अभ्यासाचे, घरातल्या भांडणांचे, मित्रांशी बिनसल्याचे. सांगितलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत पोचेल, ही धास्ती होतीच. त्यांना निदान नको होते, अडचणीतून वाट काढायला कोणीतरी हवे होते. त्यातून जो उपचार तयार झाला, त्याचा गाभा समस्या सोडवण्याचे कौशल्य हा होता: अडचण नेमकी ओळखा, पर्याय काढा, एक करून पाहा. सोबत कॉमिकसारख्या सचित्र हिंदी पुस्तिका. मदतीला मनोविकारतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले सामान्य समुपदेशक होते, आणि सगळे जेमतेम तीन आठवड्यांत आटोपणारे. दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांतील २५० विद्यार्थ्यांवर त्याची चाचणी झाली. समुपदेशकाची साथ मिळालेल्या मुलांच्या स्वतः सांगितलेल्या अडचणी, नुसत्या पुस्तिका मिळालेल्यांपेक्षा जास्त घटल्या. मानसिक लक्षणांत मात्र सहा आठवड्यांनी ठळक फरक दिसला नाही.

सरकारी पातळीवर तरुणांना जागा आहे, पण ती निरोप्याची. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम दहा ते एकोणीस वयोगटासाठी आहे आणि मानसिक आरोग्य हा त्याच्या सहा विषयांपैकी एक आहे. त्यात गावातल्याच मुलामुलींना समवयस्क शिक्षक म्हणून तयार केले जाते. महाराष्ट्रात किशोरांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकही आहेत. हे समवयस्क शिक्षक वरून आलेली माहिती खाली पोचवतात. क्लिनिक दुपारी चारनंतर उघडा, हे खालून वर सांगायला त्यांच्यापाशी ठरलेली वाट नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने राज्य प्राधिकरणात मानसिक आजार असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी ठेवले, हे मोठेच पाऊल होते. त्यांच्यात तरुण असावा, अशी अट मात्र नाही.

सहभाग नीट करायचा तर काही पथ्ये पाळावी लागतात. पहिले मानधनाचे. डॉक्टरला बैठकीचा भत्ता आणि विद्यार्थ्याला प्रमाणपत्र, हा न्याय टिकत नाही. दुसरे, स्वतःचा अनुभव किती सांगायचा हे त्या तरुणाने ठरवायचे. आत्महत्येच्या विचारांतून सावरलेल्या मुलीला दर बैठकीत तीच कहाणी सांगायला लावणे हा सहभाग नव्हे, छळ आहे. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती लागते, आणि अनेकदा त्रासाचे कारण घरातच असते. हा पेच खरा आहे आणि त्यावर सोपे उत्तर नाही. पण सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते कोण बोलावले जाते याकडे. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतली चटपटीत इंग्रजी बोलणारी मुले सहज सापडतात. आश्रमशाळेतली मुलगी, आयटीआयचा विद्यार्थी, ऊसतोडीला गेलेल्या घरचा मुलगा किंवा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीच्या चौथ्या प्रयत्नाला बसलेला तरुण यांच्याकडे मुद्दाम जावे लागते. त्यांच्या अडचणी एकमेकींसारख्या नसतात, त्यामुळे एकाने सगळ्यांच्या वतीने बोलणेही शक्य नसते.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असणे आवश्यक आहे. आता संस्थाचालक जाहिराती काढतील, मुलाखती होतील, एखादी खोली रिकामी करून दिली जाईल. ती खोली मुख्याध्यापकांच्या दालनाला लागून नसावी आणि मुलाखत घेणाऱ्यांत दोन विद्यार्थी असावेत. एवढे करायला कोणत्याही संस्थेला वेगळा निधी किंवा सरकारी परिपत्रक लागत नाही.