मुकादम आणि मास्तर

तापी नदी मुलताईस उगम पावते, खानदेशातून पश्चिमेस वाहत येते आणि सुरत शहर ओलांडून हजीऱ्यापाशी समुद्रास मिळते. तिच्याच वाटेने खानदेशातील असंख्य कुटुंबे पोटासाठी सुरतेस आली व उधना, लिंबायत या भागांत स्थायिक झाली. नदीच्या मुखाशी १९८० च्या दशकापासून मोठी कारखानदारी उभी राहिली. ओएनजीसीचा वायुशुद्धीकरण प्रकल्प आला, कृभकोचा खत कारखाना आला. मागोमाग पोलाद, रसायने आणि अवजड यंत्रसामग्री आली. आज या कारखान्यांच्या दारांतून मराठी, गुजराती, उडिया, हिंदी, भोजपुरी अशा निरनिराळ्या भाषा बोलणारी माणसे एकाच पाळीवर आत जातात. त्यांच्याकडून उत्तम काम व्हावे, ही जबाबदारी ज्याच्यावर असते त्या फोरमनने, सुपरवायझरने, व्यवस्थापकाने काय करावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

माझा व्यवसाय शिक्षकाचा. कारखान्याच्या गोष्टी शिक्षकाने का सांगाव्यात, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हाताखालच्या माणसाचे काम सुधारणे हे मुळात अध्यापनाचेच काम आहे. मात्र आपल्याकडे ते बहुधा मुकादमाच्या हाती राहिले.

मुंबईच्या कापडगिरण्यांतील जॉबर आठवून पाहा. माणूस कामावर घेणे, काढणे, रजा देणे, काम करवून घेणे, सारे त्याच्या हाती. नव्या पोराने जुन्या कामगाराच्या शेजारी उभे राहावे आणि पाहून पाहून शिकावे, हीच शिक्षणाची रीत. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या अनिर्बंध सत्तेवर कठोर टीका केली. पुढे जॉबरचे ते राज्य ओसरले. परंतु ‘काम येत नसेल तर चालू लाग’ हा त्याचा स्वर अनेक कार्यालयांत व कारखान्यांत अजूनही ऐकू येतो.

दुसरी परंपरा शाळेतून आली. अध्यापक महाविद्यालयात शिकलेल्या प्रत्येकास हर्बार्टची पंचपदी ठाऊक असते. हर्बार्ट हा जर्मन तत्त्वज्ञ १८४१ साली वारला. त्याच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या ठरविल्या. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जहाजे बांधण्यासाठी एकाएकी हजारो नवखे कामगार घ्यावे लागले, तेव्हा चार्ल्स ॲलन या शिक्षकाने त्या पायऱ्यांच्या आधारे चार पायऱ्यांची पद्धत गोदीत नेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४५ या काळात, अमेरिकन सरकारने तिचाच विस्तार करून कारखान्यांतील सोळा लाखांहून अधिक माणसांना प्रशिक्षण दिले. युद्धानंतर तीच पद्धत जपानने उचलली आणि तेथील मोटार कारखान्यांनी ती मुरविली. तिचे सूत्र एका वाक्यात सांगता येते: कामगार शिकला नसेल, तर शिकविणाऱ्याने शिकविलेच नाही असे समजावे.

या चार पायऱ्या एका साध्या उदाहरणाने पाहू. वायू वाहून नेणारे दोन नळ फ्लँजने जोडावयाचे आहेत. मध्ये गॅस्केट असते आणि सभोवती बोल्ट आवळावयाचे असतात. पहिली पायरी तयारीची. कामगारास निःसंकोच करावे, हे काम त्याने पूर्वी कितपत केले आहे ते विचारावे, कामाचे महत्त्व सांगावे. दुसरी पायरी दाखविण्याची. स्वतः बोल्ट आवळून दाखवावेत आणि मर्माचा मुद्दा सांगावा: शेजारशेजारचे बोल्ट ओळीने आवळू नयेत, समोरासमोरचे घ्यावेत, आणि तेही एकदम पुरते न आवळता टप्प्याटप्प्याने. त्यामागचे कारणही सांगावे. एका बाजूस आधीच ताण बसला तर गॅस्केट सारखे दाबले जात नाही आणि पुढे तेथून गळती होते. कारण कळलेला माणूस नियम विसरत नाही. केवळ हुकूम ऐकलेला माणूस साहेबाची पाठ वळताच जवळची वाट धरतो.

तिसरी पायरी करवून घेण्याची, आणि बहुतेक अधिकारी नेमके येथेच चुकतात. सांगून झाले की ते विचारतात, “समजले ना?” कामगार मान डोलावतो. श्रोतेहो, वर्गात तीस वर्षे शिकविलेला शिक्षकही या डोलणाऱ्या मानेवर विश्वास ठेवीत नाही. जो भाषा पुरती समजत नाही तोही मान डोलावतो, आणि ज्यास आपण मूर्ख ठरू असे भय वाटते तो तर सर्वांआधी डोलावतो. म्हणून त्याच्याकडून काम करवून घ्यावे. मग तेच काम पुन्हा करताना, तो काय करीत आहे आणि का करीत आहे, हे त्याच्याच शब्दांत त्याला सांगू द्यावे. ते शब्द अहिराणीत असोत की उडियात, समजणारा एखादा सोबती जवळ ठेवावा. चौथी पायरी पाठपुराव्याची. त्याला एकट्याने काम करू द्यावे, अडल्यास कोणाकडे जावयाचे ते नेमून द्यावे, आरंभी वारंवार आणि पुढे क्रमाक्रमाने कमी वेळा पाहणी करावी, आणि प्रश्न विचारण्यास उत्तेजन द्यावे.

हे सारे नवख्यांसाठी झाले. परंतु जुना, जाणता माणूस मागे पडू लागला तर? अशा वेळी सांगण्यापेक्षा विचारणे अधिक उपयोगी पडते. त्याला पद्धत माहीत नाही, की माहीत असून हात बसलेला नाही, की हातात योग्य हत्यार नाही, की घरच्या चिंतेने त्याची झोप उडाली आहे? या चारही दुखण्यांवर औषध निराळे आहे. समजपत्र त्यांपैकी कोणत्याच दुखण्याचे औषध नव्हे. “हे काम कोठे अडते?”, “तुमच्या मते काय बदलावे?” असे दोन प्रश्न विचारून अधिकाऱ्याने गप्प बसावे. उत्तर येईपर्यंतची ती शांतता सहन करणे हीदेखील एक कला आहे.

मग चूक दाखवावयाचीच नाही काय? अवश्य दाखवावी, पण कशी, याचा विचार असावा. क्लूगर आणि डिनिसी या दोन संशोधकांनी १९९६ साली, कामाविषयीचा अभिप्राय दिल्याने काय घडते यासंबंधीचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने पाहता काम सुधारले होते. परंतु एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर काम उलट बिघडले होते. अभिप्राय माणसाचे लक्ष कामाकडून काढून स्वतःच्या लायकीकडे वळवू लागला की त्याचा गुण कमी होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. “तू निष्काळजी आहेस” या वाक्याने कामगार दुखावतो आणि बचाव शोधू लागतो. “येथे सांध्यात जागा राहिली आहे, वेल्डिंगचा वेग थोडा कमी करून पाहा” या वाक्याने तो सांध्याकडे पाहतो. स्तुतीचेही तसेच आहे. नुसत्या ‘शाबास’पेक्षा काय चांगले झाले ते नेमके सांगितले, तर ते पुन्हा घडण्याची शक्यता वाढते.

हजीऱ्यात अशा कौशल्याचे मोल किती, याचे एक उदाहरण देतो. फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय ‘ईटर’ संलयन प्रकल्पासाठी सुमारे ३,८५० टन वजनाचे अतिविशाल निर्वात पात्र लागत होते. त्याचे ५४ भाग लार्सन अँड टुब्रोच्या हजीरा येथील कारखान्यात घडले आणि अखेरच्या भागांची रवानगी २०२० साली झाली. निर्वात पात्राच्या सांध्यात सुईच्या अग्राएवढे छिद्रही चालत नाही. असे सांधे धाक घालून जुळत नाहीत. ते शिकविलेल्या आणि जपलेल्या हातांनी जुळतात.

अध्यापनाने सर्व काही साधेल, असे मात्र कोणी समजू नये. अपुरे वेतन, मोडके हत्यार, दोन पाळ्यांचा शीण यांची भरपाई गोड बोलण्याने होत नाही. जो कंत्राटी मजूर काही महिन्यांतच बदलतो, त्याला शिकविण्यात कोणाचे मन गुंतणार? शिकविण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ पाळीच्या तासांतच धरला पाहिजे, हे वरिष्ठांनी मान्य करावयास हवे.

तरीही मुख्य गोष्ट अधिकाऱ्याच्याच हाती आहे. तो न्यायाधीश आहे आणि शिक्षकही. वर्षाअखेरीस गुण देणारा तोच आणि रोज शिकविणाराही तोच. या दोन भूमिकांची सरमिसळ झाली की कामगार शंका लपवू लागतो. जेथे वायू, उष्णता आणि दाब यांच्याशी रोजची गाठ आहे, तेथे लपविलेली शंका केवळ उत्पादनच नव्हे, तर जीवही घेऊ शकते. म्हणून प्रत्येक अधिकाऱ्याने आठवड्याच्या शेवटी स्वतःस एवढेच विचारावे: या सहा दिवसांत माझ्याकडे येऊन ‘साहेब, मला हे समजले नाही’ असे कितीजणांनी म्हटले? एकानेही म्हटले नसेल, तर सर्वांना सर्व समजले, असा त्याचा अर्थ त्याने मुळीच लावू नये.