वाजवलं कोणी?

आमच्या महाविद्यालयाचे वाङ्मय मंडळ दर वर्षी प्राध्यापकांपैकी कोणाला तरी व्याख्यानाला उभे करते. तीन वर्षांपूर्वी ती पाळी माझ्यावर आली. मी विषय घेतला सी. रामचंद्र. मराठीच्या बाईने कवितेवर न बोलता सिनेमाच्या संगीतावर बोलावे ह्याचे काहींना नवल वाटले. पण पुणतांब्याला १९१८ साली जन्मलेला हा चितळकरांचा मुलगा आपलाच, तेव्हा चालून गेले.

पहिल्या रांगेत माझे मामा बसले होते आणि त्यांच्या शेजारी त्यांचे जन्माचे स्नेही. त्यांना आम्ही घरातली सगळी 'अंकल' म्हणतो. दोघांनी फोर्टमधल्या एकाच विमा कचेरीत तीस वर्षे शेजारी शेजारी टेबले अडवली. मामा गिरगावचे, अंकल बारदेशातल्या हळदोण्याचे. लग्न होईपर्यंत अंकल धोबीतलावच्या कुडीत राहत. कूड म्हणजे मुंबईत पोटासाठी आलेल्या गोवेकर ख्रिस्ती मंडळींनी आपापल्या गावाच्या नावाने चालवलेली बिऱ्हाडाची जागा. खाट मिळो न मिळो, ट्रंक ठेवायला जागा मिळे आणि संध्याकाळी गावची माणसे भेटत.

माझे व्याख्यान बरे झाले. टाळ्या पडल्या. १९४७ चा 'शहनाई', १९५० चा 'समाधी', १९५१ चा 'अलबेला' असे सारे टप्पे मी घेतले. परदेशी नाचाचा ठेका अण्णांनी आपल्या चालींत कसा मुरवला ह्यावर तर दहा मिनिटे बोलले. चहाच्या वेळी अंकल काठी टेकत जवळ आले आणि म्हणाले, "चाल कोणाची ते सांगितलंस. गायलं कोणी ते सांगितलंस. नाचलं कोणी तेही सांगितलंस. पण वाजवलं कोणी?"

मी गप्प राहिले. कारण मला खरोखरच सांगता आले नसते.

पुढच्या रविवारी मी मामांकडे गेले. अंकल होतेच. दोघेही आता ऐंशीच्या पलीकडचे. एकाला ऐकू कमी येते, दुसऱ्याला दिसते कमी. पण 'अलबेला'चे नाव काढल्यावर दोघे शाळकरी पोरांसारखे भांडू लागले. मामा म्हणत, "संगीत आमच्या अण्णांचं!" अंकल म्हणत, "असेल. पण त्यात आग कोणी घातली? चिक चॉकोलेटने!"

वाचकांना हे नाव चेष्टेचे वाटेल. मलाही वाटले होते. खरे नाव अँतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, अंकलच्याच गावचा. ट्रंपेट हे वाद्य आणि लुई आर्मस्ट्राँग हे दैवत. लोक त्याला 'हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग' म्हणत आणि त्यालाही ते आवडत असावे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजे. हा रस्ता त्याच्या आधीच तयार झाला होता. १९३५ साली लिऑन ॲबी ह्या अमेरिकन निग्रो वादकाने आपला बँड ताजमध्ये आणला, मागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले, आणि त्यांचे जाझ गोव्याच्या पोरांनी कान देऊन उचलले. ह्या पोरांना चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवलेली असे. व्हायोलिन हाती धरता येई तेव्हापासून कागदावरचे टिंब पाहून वाजवायची सवय. तीच पुढे त्यांची भाकरी झाली.

"तुम्ही ताजमध्ये ऐकलंत त्याला?" मी विचारले.

दोघे एकमेकांकडे पाहून हसले. मामा म्हणाले, "अगं, ताजमध्ये जायला पैसे नव्हते आणि पैसे असते तरी सूट नव्हता!"

गंमत पाहा. ज्या बँडच्या आठवणी हे दोघे साठ-सत्तर वर्षे काढत आले, तो त्यांनी नाचघरात एकदाही ऐकला नव्हता. त्यांनी तो ऐकला सिनेमाच्या थेटरात आणि इराण्याच्या हॉटेलातल्या रेडिओवर. १९४९ च्या कायद्याने मुंबईत दारूबंदी आली तेव्हा हॉटेलांतल्या नाचगाण्याचा रंग उतरू लागला, आणि वादकांना सिनेमाच्या स्टुडिओची वाट अधिकच जवळची झाली. साहेबलोकांच्या नाचघरातले संगीत असे चाळीपर्यंत येऊन पोचले. चिक चॉकोलेट सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला. भगवानदादांच्या 'अलबेला'त तर तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. मामांनी ते चित्र पाहिले तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. "भगवान नाचत होता आणि मी मागच्या बाजेवाल्याकडे बघत होतो," ते सांगत होते. "नाव कळलं दहा वर्षांनी, ह्यानं सांगितलं तेव्हा."

अंकलचा एक मावसभाऊ रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवी. त्याच्या तोंडचे अंकलना सारे पाठ आहे. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवी. व्यवस्थापक वादक, म्हणजे अरेंजर, ती स्वरलिपीत उतरवी, मधल्या जागा भरी, कोणत्या वाद्याने कुठे उठायचे ते लिही. मग सारा ताफा आणि गायिका एकदम वाजवीत-गात. तुकडे जोडायची सोय तेव्हा नव्हती. शेवटच्या ओळीला एखादे व्हायोलिन चुकले की पहिल्यापासून पुन्हा! रेकॉर्डिंग संपले की हातात रोख पैसे आणि घरी. रेकॉर्डच्या तबकडीवर नाव संगीतकाराचे, गायकाचे. बाकीचे वीस-पंचवीस जण बिननावाचे.

मामा इथे जरा नरमले. तरी म्हणाले, "अण्णांनी त्याला पडद्यावर तरी आणला."

"आणला रे," अंकल म्हणाले, "म्हणून तर अण्णाला मी मानतो. बाकीच्यांचं काय?"

बाकीचे म्हणजे कोण? शंकर-जयकिशनच्या गाण्यांतल्या त्या भरघोस व्हायोलिनांमागे सेबॅस्टियन डिसूझांची लेखणी होती. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवले, आणि शिष्याने १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त गुरूचे नाव गाण्यात गुंफले. ते गाणे आम्ही गणपतीच्या मांडवात नाचत म्हटले. ते कोणा खऱ्या माणसाचे नाव असेल असे मनातही आले नाही. फ्रँक फर्नांड ट्रंपेट सोडून कोंकणी चित्रपटाकडे वळले आणि 'आमचें नशीब', 'निर्मोण' काढून गेले. चिक चॉकोलेट मात्र १९६७ सालीच, एक्कावन्नाव्या वर्षी वारला.

मी वर्गात मुलांना सांगते की ओवी कोणी रचली हे ठाऊक नसले तरी ती जात्यावर कोणी तरी बाईने गायली आहे हे विसरू नका. आणि मी स्वतः तासभर बोलून वाजवणाऱ्याला विसरले होते. आपल्याला चाल आठवते, गळा आठवतो. ज्याच्या फुफ्फुसांतल्या वाऱ्याने गाणे उभे राहिले त्याला आपण 'बाजेवाला' म्हणून मोकळे होतो.

ह्या वर्षी मंडळाने मला पुन्हा बोलावले. मी तेच व्याख्यान घेतले, पण सुरुवात उलट बाजूने केली. 'अलबेला'चे दृश्य पडद्यावर दाखवले आणि मागच्या ट्रंपेटवाल्यावर थांबून म्हटले, "ह्यांचे नाव अँतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, अल्डोना, गोवा." पहिल्या रांगेत दोघेही बसले होते. मामांनी कानामागे हात धरला होता. अंकलना पडदा नीटसा दिसत नव्हता. ते मान खाली घालून ऐकत होते.

चहाच्या वेळी ते काठी टेकत आले. मला वाटले, आता शाबासकी.

"सगळं बरोबर सांगितलंस," अंकल म्हणाले. "फक्त अल्डोना न्हय गो. हळदोणें!"