विद्यार्थ्यांनी मन मोकळे कोठे करावे?

बडोद्याच्या दक्षिणेस मकरपुऱ्याचा जुना राजवाडा आहे. खंडेराव महाराजांनी १८७० च्या सुमारास तो बांधला, सयाजीराव महाराजांनी तो वाढविला, आणि आज तेथे भारतीय हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. याच मकरपुऱ्यात पुढे औद्योगिक वसाहत झाली, आणि कारखान्यांमागून कामगारांची वस्ती आली. त्या वस्तीत मराठी बोलणारी घरेही आहेत. वडील पाळीवर जातात, मुले शहरातील महाविद्यालयांत जातात, आणि कित्येक घरांतून महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी असते. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वर्गात इंग्रजी, असा त्यांचा दिवस तीन भाषांत वाटला गेलेला असतो. ताप आला तर तो या तिन्ही भाषांत सांगता येतो. मन खचले तर ते कोणत्या भाषेत सांगावे, आणि मुख्य म्हणजे कोणापाशी सांगावे?

ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ चालते, त्यांच्याच आयुष्यात या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण सापडते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, दत्तक म्हणून बडोद्यास आला. इलियट या शिक्षकांच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा व त्यांबरोबर राज्यकारभाराचे धडे त्याला अवघ्या सहा वर्षांत आत्मसात करावे लागले. १८८१ च्या डिसेंबरात अठराव्या वर्षी राज्याची सूत्रे हाती आली. १८८५ साली पहिली पत्नी वारली. पुढे दोन वर्षांत निद्रानाशाने आणि मज्जातंतूंच्या थकव्याने महाराज इतके बेजार झाले, की वैद्यांच्या सल्ल्यावरून १८८७ मध्ये त्यांना युरोपचा प्रवास करावा लागला. ही दुर्बल मनाच्या माणसाची कथा नव्हे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आपल्या राज्यात धडाडीने करणारा हा पुरुष होता. कर्तबगार माणसाचेही मन थकते, एवढेच त्यावरून दिसते. मात्र महाराजांना स्वित्झर्लंडची हवा मिळू शकली. मकरपुऱ्याच्या विद्यार्थ्याला फार तर कमाटीबागेचे बाकडे मिळते.

वस्तुतः हे वयच नाजूक असते. मनाच्या बहुतेक विकारांचा आरंभ पंचविशीच्या आत होतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे ज्या वर्षांत पदवी घ्यावयाची, नेमक्या त्याच वर्षांत. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने केली आहे, आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. त्याच वर्षी परीक्षेतील अपयश हे कारण २,२४८ मृत्यूंपुढे नोंदले गेले. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, की सारे खापर परीक्षेवर फोडण्याची सवय किती अपुरी आहे ते कळते. घरातील कलह, आजार, पैशाची ओढ, प्रेमातील निराशा, जातीवरून होणारा अपमान, यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र येतात, आणि निकालाचा दिवस केवळ निमित्त ठरतो.

यावर महाविद्यालयांनी काढलेला रूढ उपाय म्हणजे समुपदेशकाची नेमणूक. उपाय योग्यच आहे. पण पुष्कळदा ही खोली कार्यालयाच्या ऐन वर्दळीच्या वाटेवर असते. तिच्या दाराशी उभे राहणे म्हणजे चारचौघांत स्वतःला वेडा ठरवून घेणे, असे विद्यार्थ्यांस वाटते, आणि आत बसलेल्या व्यक्तीने आपले बोलणे प्राचार्यांना किंवा घरी कळविले तर काय, ही धास्ती त्याहून मोठी असते. जिवास धोका असल्याखेरीज असे बोलणे बाहेर जाणार नाही, ही हमी प्रवेशाच्या दिवशीच स्पष्ट शब्दांत दिली पाहिजे. रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेच मान्य केला आहे.

तज्ज्ञाच्या दारापर्यंत पोहोचण्याआधी आणखी एक टप्पा असतो, आणि तोच सर्वांत अधिक दुर्लक्षित राहिला आहे. १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्यांसाठी दूरध्वनी-सेवा सुरू केली. भेटीस येणाऱ्यांची गर्दी वाढली, तेव्हा त्यांना बसवून चहा देण्यास काही स्वयंसेवक नेमले. थोड्याच दिवसांत असे दिसून आले, की चहा पिताना त्या स्वयंसेवकांशी बोलूनच कित्येकांचे मन हलके होते, आणि पुढे व्हारांना भेटण्याची गरज त्यांना उरत नाही. उपदेश न करता ऐकणारा माणूस हेच औषधाचे पहिले मात्रेचे प्रमाण होते. ‘समॅरिटन्स’ ही संस्था त्यातून उभी राहिली.

महाविद्यालयात असे ऐकणारे लोक आधीपासूनच असतात. वसतिगृहाच्या खाणावळीतील वाढप्यास कळते, की अमुक मुलगा चार दिवस जेवावयास आला नाही. ग्रंथपालास, प्रयोगशाळेतील सहायकास, खोलीतल्या सोबत्यास बदल आधी दिसतो: रात्री झोप नाही, वर्गास दांडी, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, ‘माझ्यावाचून कोणाचे काय अडणार’ अशी भाषा. त्यांना हवे असते ते थोडे शिक्षण. आत्महत्येविषयी सरळ विचारले तर तो विचार मनात पेरला जाईल, ही समजूत चुकीची आहे. शांतपणे विचारल्याने कोंडलेले मन बहुधा सुटते. विचारावे, ऐकावे, धोका वाटल्यास त्याला एकटे सोडू नये आणि तज्ज्ञापर्यंत सोबत जावे. ‘अभ्यास कर, सारे ठीक होईल’ हे वाक्य मात्र टाळावे. सद्हेतूने बोललेले असले, तरी त्याने दार बंद होते.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांत या बाबींना आधार मिळाला आहे. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. शिक्षक आणि अन्य कर्मचारी या दोघांनाही वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. गुणांवरून विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या पाडणे टाळावे, हेही न्यायालयाने सांगितले. शेवटच्या तुकडीत बसविलेल्या मुलाला आपली किंमत रोज हजेरीपटावर वाचावी लागते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या निर्देशाचे मोल वेगळे सांगावयास नको.

भाषेचा प्रश्न मात्र न्यायालय सोडवू शकत नाही; तो त्या त्या गावाने सोडवावयाचा आहे. बडोद्यासारख्या शहरात समुपदेशक नेमताना त्याला गुजरातीबरोबर मराठी कळते की नाही, हे पाहण्यास कोणतीही अडचण नसावी. माणूस हिशेब परक्या भाषेत करील, पण रडे आईच्याच भाषेत येते. ज्याला महाविद्यालयात कोणापाशीच बोलवत नाही, त्याच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती अहोरात्र चालते, आणि तिच्या भाषांत मराठी व गुजराती या दोन्ही आहेत. हा क्रमांक वर्गांत व वसतिगृहांत ठळकपणे लावावा, असाही न्यायालयाचा निर्देश आहे. परीक्षेचे वेळापत्रक ज्या फलकावर लागते, त्यावरच तो लावला तर सर्वांच्या दृष्टीस पडेल, आणि तो पाहण्यासाठी थांबलेला विद्यार्थी वेळापत्रकच पाहतो आहे असे इतरांस वाटेल.