स्त्रीबीजदान : संमतीपूर्वी जाणून घ्यावयाच्या गोष्टी

कोल्हापूरहून दक्षिणेस निघालेला पुणे-बंगळूर महामार्ग सुमारे वीस किलोमीटरवर कागलला येतो आणि पुढे थोड्याच अंतरावर राज्याची सीमा ओलांडतो. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीमुळे आणि साखर कारखान्यांमुळे या तालुक्यात रोजगारासाठी येणाऱ्या कुटुंबांची वर्दळ असते. हंगाम सुरू झाला की ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. रोजंदारीवर संसार चालविणाऱ्या स्त्रिया येथे पुष्कळ आहेत. 'दहा-बारा दिवस इंजेक्शने घ्यायची, एक दिवस दवाखान्यात जायचे, शरीराचे काही जात नाही,' असे सांगून अशा एखाद्या स्त्रीस कोणी स्त्रीबीज देण्यास सुचविले, तर तिने सल्ला कोणाला विचारावा? बहुधा ती आशा स्वयंसेविकेला, अंगणवाडी सेविकेला, शाळेतील बाईंना किंवा ग्रामपंचायतीच्या महिला सदस्येला विचारील. म्हणून या विषयाची नेमकी माहिती शहरातील तज्ज्ञांइतकीच गावातील या मंडळींनाही असणे अगत्याचे आहे.

स्त्रीबीजदान ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी परीक्षानलिका शिशू जन्मास आले. शरीराबाहेर बीजाचे फलन घडवून आणता येते हे एकदा सिद्ध झाल्यावर ते बीज त्याच स्त्रीचे असले पाहिजे, हे बंधन उरत नाही. डॉ. हिंदुजा यांनीच १९९१ च्या जानेवारीत दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून झालेल्या गर्भधारणेतून मूल जन्मास आणले. ज्या स्त्रीचे बीजांडकोश अकाली निकामी झाले आहेत, कर्करोगावरील उपचारांमुळे ज्यांची शक्ती नष्ट झाली आहे, किंवा जिच्या बीजातून गंभीर आनुवंशिक रोग अपत्यास जाण्याचा धोका आहे, तिला या पद्धतीने स्वतःच्या उदरात गर्भ वाढविता येतो. वंध्यत्वाच्या कारणांपैकी मोठा वाटा पुरुषाकडील दोषांचा असतो आणि तेथे स्त्रीबीजदानाचा काही उपयोग नसतो. तरीही दोष सुनेच्याच माथी मारण्याची आपल्याकडील रीत अद्याप गेलेली नाही.

शरीरात काय घडते

स्त्री जन्मास येते तेव्हाच तिच्या बीजांडकोशांत सुमारे दहा ते वीस लाख अपक्व बीजे असतात. त्यांपैकी अवघी चारशे ते पाचशे आयुष्यभरात परिपक्व होऊन बाहेर पडतात. दर महिन्यास अनेक बीजे वाढीस लागतात, त्यांतील साधारणतः एक पक्व होते आणि उरलेली आपोआप नाश पावतात. बीजदानाच्या उपचारात संप्रेरकांची इंजेक्शने देऊन या नाश पावणाऱ्या बीजांपैकी काही त्याच महिन्यात वाढविली जातात. त्यामुळे एकदा बीज दिल्याने पुढील वर्षांचा साठा संपतो व पाळी लवकर जाते, हा समज निराधार आहे. 'काही होत नाही' हे आश्वासन मात्र त्याहूनही अधिक फसवे आहे.

प्रथम रक्ततपासणी होते. एच. आय. व्ही., कावीळ ब व क आणि उपदंश यांची बाधा नाही, थॅलेसेमियासारखा आनुवंशिक दोष नाही, याची खात्री केली जाते. सोनोग्राफीने बीजांडकोश पाहिले जातात. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारणतः दहा ते बारा दिवस रोज इंजेक्शन घ्यावे लागते. मधल्या काळात बीजांची वाढ पाहण्यासाठी सोनोग्राफी वारंवार करावी लागते. कागलसारख्या ठिकाणच्या स्त्रीस याचा अर्थ कोल्हापूर, सांगली किंवा पुण्यास अनेक खेपा, बुडालेले रोज आणि घरच्या मुलांची सोय असा होतो. हा हिशेब आधी सांगितला जात नाही आणि तो सांगितला पाहिजे. बीजे पुरेशी वाढल्यावर शेवटचे एक इंजेक्शन दिले जाते व त्यानंतर सुमारे ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन, योनिमार्गातून सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई घालून बीजे काढून घेतली जातात. या क्रियेस पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि स्त्री बहुधा त्याच दिवशी घरी जाऊ शकते. या संपूर्ण काळात गर्भधारणेचा संभव वाढलेला असतो, म्हणून पतिपत्नींनी संयम पाळणे आवश्यक असते.

पोट जड वाटणे, किंचित दुखणे, एक-दोन दिवस थकवा हे नेहमीचेच असते. चिंतेची बाब निराळी आहे. काही स्त्रियांचे बीजांडकोश औषधांना प्रमाणाबाहेर प्रतिसाद देतात, ते फुगतात आणि रक्तातील द्रव पोटाच्या पोकळीत झिरपू लागतो. पोट झपाट्याने फुगणे, एक-दोन दिवसांत वजन वाढणे, लघवी कमी होणे, सतत उलट्या, श्वास लागणे ही त्याची चिन्हे होत. तीव्र स्वरूपात रक्तात गुठळ्या होऊन प्राणावरही बेतू शकते. औषधाची मात्रा बेताची ठेवल्यास व शेवटच्या इंजेक्शनाची योग्य निवड केल्यास हा धोका पुष्कळ घटतो. सुईमुळे आतील रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होणे आणि फुगलेल्या बीजांडकोशास पीळ पडणे हे प्रकार विरळ आहेत, पण ते घडतात. अनेक वर्षांनंतरच्या परिणामांविषयी बोलावयाचे तर दात्या स्त्रियांचा पुरेसा दीर्घकाळ पाठपुरावा जगात कोठेच झालेला नाही, आणि हीही गोष्ट संमतीपूर्वी त्या स्त्रीच्या कानावर घालावयास हवी.

कायद्याने आखलेली मर्यादा

२०१० साली मुंबईत सतरा वर्षांच्या एका कामगार मुलीचा बीजसंकलनानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला. त्या वेळी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २००५ ची मार्गदर्शक तत्त्वे होती, परंतु त्यांना कायद्याचे बळ नव्हते. ते बळ साहाय्यित जननतंत्र (विनियमन) अधिनियम, २०२१ ने दिले. हा अधिनियम २५ जानेवारी २०२२ पासून अंमलात आहे. तो केंद्रीय कायदा असल्याने कागलच्या पुढे कोगनोळीचा नाका ओलांडून सीमेपलीकडील दवाखान्यात गेले तरी नियम बदलत नाहीत. 'तिकडे चालते' असे कोणी म्हणत असल्यास ते खोटे समजावे.

या कायद्यानुसार स्त्रीबीज देणाऱ्या स्त्रीचे वय २३ ते ३५ वर्षांच्या दरम्यान असले पाहिजे. आयुष्यात फक्त एकदाच बीजदान करता येते आणि सातपेक्षा अधिक बीजे काढता येत नाहीत. या सात आकड्यावर काही तज्ज्ञांनी आक्षेप घेतला आहे, कारण प्रत्येक बीज फलित होतेच असे नाही. तथापि अधिक बीजांच्या हव्यासाने औषधाची मात्रा वाढविली जाते व धोका दातीने पत्करावयाचा असतो, हे लक्षात घेता ही मर्यादा तिच्या बाजूची आहे. एका दातीचे बीज एकाहून अधिक दांपत्यांना देता येत नाही. दातीची निवड व तपासणी नोंदणीकृत बीजपेढीनेच करावयाची असून तिचा आधार क्रमांक घेतला जातो. दुसऱ्या स्त्रीच्या आधारपत्रावर पुन्हा बीज देण्यास कोणी सुचविले, तर तो कायदा चुकविण्याचा प्रकार होय आणि त्यात जीव त्या स्त्रीचा पणास लागतो.

बीजांची विक्री निषिद्ध आहे. मध्यस्थामार्फत दाते मिळविणे किंवा दाते विकत घेणे हा स्वतंत्र अपराध मानलेला आहे. पहिल्या अपराधास पाच ते दहा लाख रुपये दंड आणि पुन्हा केल्यास तीन ते आठ वर्षे कारावास व दहा ते वीस लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. म्हणजे गावात फिरून स्त्रिया जमविणारा माणूस कितीही गोड बोलत असला, तरी त्याचे काम मुळातच बेकायदेशीर आहे. यास्तव पहिला प्रश्न 'किती पैसे मिळणार' हा नसावा, तर 'पेढीचा नोंदणी क्रमांक कोणता' हा असावा.

दातीची लेखी संमती, माहिती दिल्यानंतर घेतलेली, ही अटळ अट आहे. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून घेण्याचा आग्रह धरावा आणि न समजलेल्या कागदावर सही वा अंगठा देऊ नये. नवऱ्याच्या वा सासूच्या आग्रहाखातर दिलेला होकार हा होकार नव्हे. याखेरीज बीज घेणाऱ्या दांपत्याने किंवा स्त्रीने दातीच्या नावे बारा महिन्यांचा विमा उतरविणे कायद्याने बंधनकारक आहे. ही तरतूद फारच थोड्या स्त्रियांना ठाऊक असते.

मूल कोणाचे

बीज दिले म्हणजे मुलाशी नाते राहिले, अशी समजूत अनेकदा आढळते. कायद्याच्या दृष्टीने जन्मास येणारे मूल बीज घेणाऱ्या दांपत्याचेच असते व दातीचा त्यावर कोणताही पालकहक्क राहत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात पत्नीच्या धाकट्या बहिणीने बीज दिले होते आणि जुळ्या मुली झाल्या होत्या. पुढे पतिपत्नी विभक्त झाली, तेव्हा बीज बहिणीचे असल्याने पत्नीचा मुलींवर हक्क नाही, असा दावा पतीने केला. न्यायालयाने तो अमान्य केला आणि बीज देणाऱ्या बहिणीस आई म्हणून हक्क सांगता येणार नाही, असे स्पष्ट करून पत्नीस मुलींना भेटण्याची मुभा दिली.

रक्ताचे नाते आणि कायद्याचे नाते यांतील हा भेद कागलकरांना समजावून सांगण्यास फार लांब जावे लागत नाही. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. त्या दिवसापासून ते भोसले कुळाचे झाले. दत्तकविधानात मूल सर्वांच्या समक्ष दिले जाते आणि येथे बीज गुप्तपणे दिले जाते, हा फरक आहेच, पण हक्क सोडण्याचा आशय तोच आहे. जिला हे मनाने पेलणार नाही, पुढे आपल्यासारखा चेहरा रस्त्यात शोधत राहण्याची जिला भीती वाटते, तिने नकार द्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

गावपातळीवर

सोनोग्राफी यंत्रांवर देखरेख ठेवणारी 'सायलेंट ऑब्झर्व्हर' योजना कोल्हापूर जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने राबविली गेली, तेव्हा यंत्राइतकाच उपयोग लोकांच्या जागरूकतेचा झाला होता. बीजदानाच्या बाबतीत यंत्रच नाही, म्हणून सारी भिस्त माणसांवर आहे. महिला ग्रामसभेत, स्वयंसाहाय्य गटाच्या बैठकीत हा विषय एकदा तरी यावा. विशेषतः हंगामी टोळ्यांच्या तळांवर माहिती पोहोचवावी, कारण त्या स्त्रियांना गावातील कोणीच आपले वाटत नाही. बीज देणाऱ्या स्त्रीची निंदा होता कामा नये. निंदेच्या भयाने ती गुपचूप जाते आणि पुढे त्रास झाला तरी बोलत नाही.

ज्या स्त्रीने सर्व जाणून होकार दिला असेल, तिने संमतिपत्राची, विमापत्राची आणि घरी सोडतानाच्या कागदाची प्रत स्वतःजवळ मागून घ्यावी. पेढीकडे किंवा सोबत आलेल्या माणसाकडे ती ठेवू नये. बीजसंकलनानंतरचे पहिले दहा-बारा दिवस घरातील एका तरी व्यक्तीस सारे ठाऊक असावे. पोट फुगून श्वास लागल्यास किंवा लघवी कमी झाल्यास सकाळची वाट न पाहता कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि तेथील डॉक्टरांस कोणती इंजेक्शने, केव्हा दिली होती, हे कागद दाखवून सांगावे.