‘फेच’ दिसला तर...

आयर्लंडच्या लोककथांमध्ये जिवंत माणसाच्या हुबेहूब प्रतिरूपाला ‘फेच’ म्हणतात. हे मृताचे भूत नव्हे; मूळ व्यक्ती त्या वेळी अन्यत्र जिवंत असते. फेच सकाळी दिसल्यास त्या व्यक्तीला दीर्घायुष्य लाभते, संध्याकाळी दिसल्यास तिचा मृत्यू जवळ आला, असा समज होता. जॉन बॅनिम यांनी १८२५मध्ये त्यावर कथाही लिहिली.

फेच केवळ सूचना देतो. पऱ्या माणसाला पळवून त्याच्या जागी तोतया ठेवतात, ही त्याच्या जवळची समजूत मात्र जिवावर बेतली. टिपरेरी परगण्यातील बॅलिव्हॅडली येथे मार्च १८९५मध्ये शिवणकाम करणारी २६ वर्षांची ब्रिजेट क्लिअरी आजारी पडली. ही आपली पत्नीच नव्हे, असे म्हणत पती मायकेलने नातलगांसमक्ष तिला जाळले. नंतर ‘खरी’ ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून परतेल म्हणून तो जवळच्या प्राचीन गढीपाशी रात्री वाट पाहत राहिला. वृत्तपत्रांनी ‘चेटकीण जाळली’ असे छापले. वास्तविक तिच्यावर तो आरोप नव्हताच. सदोष मनुष्यवधाबद्दल मायकेलला २० वर्षांची सक्तमजुरी झाली. १९१०मध्ये तो सुटला.