‘पानी’ म्हणणे हा दोष नव्हे

सातारा-सांगलीकडच्या गावातले मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणाले, तर तो वाचादोष नसतो, ती घरची बोली असते. मात्र तीन वर्षांचे मूल दोन शब्दही जोडत नसेल, तर थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत. हा फरक नेमका ओळखायला वाचा-श्रवणतज्ज्ञ लागतो. त्यासाठी बारावी विज्ञाननंतर भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेली चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. पुढे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण. पुण्यात भारती विद्यापीठात, मुंबईत अली यावर जंग संस्थेत हे शिक्षण मिळते. इथली बोली कानात मुरलेली मुले-मुली हे शिकून गावाकडे परतली, तर बोलीला आजार आणि आजाराला बोली समजण्याची चूक टळेल.